थंडीत हीटर गार, काटा वर-खाली: नाशिकच्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी उरकली की नाशकात पहाटे गार वारं सुटतं, निफाड-पिंपळगावकडं तर डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहाच्या आसपास आणि कधी त्याच्याही खाली, आणि मग वर्षभर ज्याला कोणी हात लावला नाही ते हीटरचं बटण फिरवलं जातं. तेव्हा कळतं की आतून गार हवाच येतेय. दर थंडीत तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळे एका जागी लिहितोय. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, हीटर आणि इंजिनचं कूलिंग ही दोन वेगळी खाती नाहीत, एकच पाणी, म्हणजे कूलंट, दोन्हीकडं फिरतं. त्यामुळं हीटर गार पडला तर "जाऊ दे, आपल्याकडं कुठं एवढी थंडी असते" म्हणून सोडून देऊ नका, बऱ्याचदा इंजिनातलं कूलंट कमी झाल्याची ती पहिली खबर असते.

प्रश्न: हीटर फुल केला तरी थंड हवाच येते. आधी काय बघायचं?

कूलंट. बाकी सगळं नंतर.

सकाळी गाडी पूर्ण थंड असताना, सुरू करायच्या आधी बोनेट उघडा. प्लॅस्टिकच्या बाटलीवर मिन आणि मॅक्स अशा दोन रेघा असतात, पातळी त्या दोघींच्या मधे पाहिजे. पण ज्या गाड्यांना रेडिएटरवर वेगळं झाकण आहे तिथं नुसत्या बाटलीवर भरवसा ठेवू नका, कारण झाकणाचं रबर कडक झालेलं असलं किंवा बाटलीची बारीक नळी चिरलेली असली तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा असतो. ते झाकण (गाडी थंड असतानाच, हे विसरू नका) उघडून बघा, कूलंट तोंडापर्यंत दिसलं पाहिजे. नव्या बऱ्याच गाड्यांना रेडिएटरवर झाकणच नसतं, तिथं बाटलीच प्रेशरची असते, मग तिची पातळी खरी मानायची.

कूलंट कमी झालं की हीटरच पहिला का मरतो? तर हीटर कॉइल डॅशबोर्डच्या आत, म्हणजे बहुतेक गाड्यांत कूलिंग सिस्टिमच्या मानानं उंचावर असते आणि पाणी खाली उतरलं की हवा तिथंच जाऊन बसते. इंजिन अजून कसंबसं थंड राहतं पण हीटरला पाणीच पोचत नाही.

प्रश्न: पण कूलंट कमी असतं तर टेंपरेचरचा काटा वर गेला असता ना? काटा तर मधेच आहे.

याच समजुतीनं लोकांची हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवायची वेळ येते, म्हणून जरा नीट वाचा. टेंपरेचरचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच तो खरं बोलतो. पाणी खाली गेलं आणि सेन्सर हवेत उघडा पडला की तो हवेचं तापमान सांगायला लागतो, मग काटा मधे राहील, कधी खालीही येईल, आणि आत इंजिनचं धातू तापत असेल. शिवाय आजकालच्या गाड्यांतला काटा मुद्दाम आळशी ठेवलेला असतो, साधारण ८० पासून १०० च्या आसपासपर्यंत तो मधेच उभा राहतो म्हणजे ड्रायव्हर उगाच घाबरू नये. तो हलायला लागला तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून एक खूण पक्की लक्षात ठेवा. हायवेला हीटर छान गरम चालू होता आणि अचानक त्यातून गार हवा यायला लागली, तर काटा काहीही दाखवू दे, गाडी बाजूला घ्या आणि बंद करा. पाइप फुटून सगळं कूलंट वाहून गेल्यावर अगदी असंच होतं.

खरा आकडा बघायचा असेल तर ओबीडी पोर्टला (गाडीचा कॉम्प्युटर तपासायचं सॉकेट) लावायचा ब्लूटूथ अडॅप्टर मिळतो, मोबाइलवर कूलंटचं तापमान डिग्रीत दिसतं. ज्यांना रोज कसारा-इगतपुरी करायचं असतं त्यांनी हा जवळ ठेवाच असं माझं मत आहे.

प्रश्न: कूलंट भरलेलं आहे, तरी हीटर गार. आता?

आता हाताचं काम. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करा, हीटरचं बटण फुल गरमवर ठेवा, बोनेट उघडा आणि इंजिनच्या मागच्या बाजूला फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) आत जाणारे दोन रबरी पाइप शोधा, अंगठ्याएवढे जाड असतात, शेजारी-शेजारी. इंजिन बंद करून, पंख्यापासून आणि बेल्टपासून बाही-ओढणी लांब ठेवून दोन्ही पाइपांना हळूच हात लावा. पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो.

दोन्ही पाइप चटका बसेल इतके गरम असतील तर पाणी आत व्यवस्थित जातंय आणि परत येतंय, दोष पाण्यात नाही. डॅशबोर्डच्या आत एक फ्लॅप असतो, तो हवा हीटर कॉइलवरून न्यायची की बाजूनं सोडायची ते ठरवतो. जुन्या छोट्या गाड्यांत तो केबलनं हलतो, केबल निसटली की बटण एकदम हलकं फिरतं, काही अडकल्यासारखं लागतच नाही. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असेल तर तिथं छोटी मोटर असते, तापमान कमी-जास्त करताना डॅशच्या मागून टक-टक-टक आवाज येत असेल तर त्या मोटरच्या आतले प्लॅस्टिकचे दाते गेलेत.

एक गरम आणि दुसरा गार असेल तर पाणी आत जाऊन अडकतंय. कॉइल चोक झालीय, किंवा आत हवा अडकलीय, किंवा ज्या गाड्यांना पाइपवर हीटरचा वॉल्व्ह असतो तो उघडतच नाहीये. कॉइल चोक व्हायचं आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे वर्षानुवर्षं ओतलेलं बोअरचं पाणी, त्यावर पुढं लिहिलंय. दोन्ही पाइप सोडून उलट्या दिशेनं साध्या नळाच्या दाबानं पाणी सोडलं तर पुष्कळदा तपकिरी गाळ निघतो आणि हीटर सुधारतो. वॉशिंग सेंटरचं प्रेशर मात्र चुकूनही लावू नका, जुनी कॉइल फुटली तर पूर्ण डॅशबोर्ड उतरवायचं काम निघतं.

दोन्ही पाइप कोमटच असतील तर इंजिनच नीट गरम होत नाहीये. थर्मोस्टॅटवर संशय घ्या, तो म्हणजे काय ते पुढं लिहिलंय.

आणि एक वेगळा प्रकार, गाडी पळताना हीटर गरम आणि सिग्नलला थांबली की गार. यात बहुतेक वेळा कूलंट थोडं कमी किंवा हवा अडकलेली असते, क्वचित वॉटर पंपाचं आतलं पातं झिजलेलं असतं आणि आयडलला तो पाणी ढकलू शकत नाही.

प्रश्न: शहरात काटा मधे असतो, मुंबई हायवेला लागलं की खाली येतो आणि हीटरही कोमट होतो. हे चांगलंय ना, इंजिन थंड राहतंय?

नाही, चांगलं नाही. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय.

थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचा दरवाजा, आत मेण भरलेली छोटी डबी असते, पाणी तापलं की मेण फुगतं आणि दरवाजा उघडतं. बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ९० डिग्रीच्या आसपास उघडायला लागतो. तोपर्यंत पाणी रेडिएटरला जातच नाही, इंजिनात आणि हीटरमधेच फिरतं, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. हा दरवाजा कायमचा उघडा राहिला तर थंडीत गोंदे-वाडीवऱ्हेच्या पट्ट्यात समोरचा गार वारा रेडिएटरवर आदळतो आणि पाणी ५५-६० वरच रेंगाळतं. काटा खाली, हीटर कोमट, ॲव्हरेज कमी. थंड इंजिनाला कॉम्प्युटर जास्त इंधन देत राहतो, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमधे उतरतं आणि ऑईल पातळ होतं. चेक इंजिनचा दिवा लागून स्कॅनरला पी०१२८ कोड आला तर अर्थ हाच, इंजिन ठरलेल्या वेळात ठरलेल्या तापमानाला पोचत नाहीये.

घरच्या घरी खात्री करायची तर सकाळी थंड गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड पाइपला अधूनमधून हात लावा. पहिली काही मिनिटं तो गारच राहिला पाहिजे आणि मग एकदम गरम व्हायला हवा, दरवाजा उघडला ते हाताला कळतं. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर दरवाजा उघडाच आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपाकडं बसवलेला असतो, तिथं ही परीक्षा तशीच्या तशी लागू पडत नाही. थर्मोस्टॅट काढून हातात आला असेल तर उजेडाकडं धरा, थंड असताना फट दिसली की तो गेला. नवा बसवायच्या आधीही पातेल्यात पाणी तापवून, त्यात थर्मामीटर धरून, त्याच्यावर छापलेल्या डिग्रीला तो उघडायला लागतो का ते बघून घेतलेलं बरं.

कसारा घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवरून काढलेला असतो, इंजिन उष्णता तयारच करत नाही, आणि हीटर फुल असेल तर छोट्या डिझेल गाडीत तापमान थोडं खाली येणं साहजिक आहे. काटा तळाला टेकणं साहजिक नाही.

प्रश्न: मेस्तरी म्हणतो थर्मोस्टॅट काढूनच टाकू, आपल्या हवेत लागत नाही, गाडी कधी हीट होणार नाही.

हा सल्ला नाशकातच नाही, सगळ्या महाराष्ट्रात दिला जातो आणि तो चुकीचा आहे. गाडी हीट होत होती तर त्याचं कारण शोधायला पाहिजे होतं, दरवाजा काढून टाकल्यानं ते कारण तिथंच राहतं. इंजिन बनवणाऱ्यानं पिस्टनची फट, ऑईलचा जाडपणा, इंधनाचं माप सगळं ९० डिग्रीच्या हिशेबानं ठरवलेलं असतं. सतत थंड चालणारं इंजिन जास्त झिजतं, ऑईलमधे पाणी साचतं, डिझेलचा धूर वाढतो, हीटर तर विसराच. काही इंजिनांत थर्मोस्टॅट गरम झाल्यावर बायपासची वाट बंद करण्याचंही काम करतो, तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात फिरत राहतं आणि उन्हाळ्यात घाट चढताना गाडी उलट जास्तच तापते. ज्या भीतीनं काढला तेच होतं. थर्मोस्टॅटची किंमत हेडच्या कामापुढं काहीच नाही, नवा ओरिजिनल बसवून मागा आणि गाडी ताब्यात घेताना तो आत आहे ना ते विचारा.

प्रश्न: कूलंट बदललं तेव्हापासून हीटर बंद पडलाय आणि डॅशमधून खळखळ आवाज येतो.

एअर लॉक. आत हवेचा फुगा अडकलाय. घाईनं कूलंट भरून झाकण लावलं की हे होतं, आणि आपल्याकडं घाई सगळ्यांनाच असते.

गाडी थंड असताना नाक वर येईल अशी उभी करा, सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प चालतो, हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड लावा. हीटर फुल गरम, ब्लोअर एकवर. झाकण काढून कूलंट तोंडापर्यंत भरा, इंजिन सुरू करा आणि आयडलला चालू द्या. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की एकदम मोठा घोट खाली जातो, तेव्हा परत भरा. काही गाड्यांत वरच्या पाइपावर हवा काढायचा छोटा स्क्रू असतो, त्यातून सलग कूलंट यायला लागेपर्यंत तो सैल ठेवायचा. बुडबुडे थांबले, हीटरमधून गरम हवा आली, की झाकण लावा आणि रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन बंद होऊ द्या. इंजिन तापत जाताना झाकण उघडं असेल तर कूलंट बाहेर उडू शकतं, तोंड वरून वाकवून बघू नका आणि लहान मुलं आसपास नकोत. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी परत बघा, थोडी खाली गेलेली असणारच.

तासभर प्रयत्न करूनही बुडबुडे थांबतच नसतील तर ती अडकलेली हवा नाही, सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय. त्याचा प्रश्न खाली आहे.

प्रश्न: बाहेर दहा डिग्री आणि गाडी हीट होते? शक्य आहे?

शक्य आहे, आणि थंडीत तापली तर ती उन्हाळ्यातल्यापेक्षा जास्त गंभीर समजा. मात्र कधी तापते ते सांगा, त्यावरच निदान आहे.

द्वारका सर्कलला ट्रॅफिकमधे तापते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की उतरते, तर पंखा बघा, फ्यूज, रिले, मोटर. उलट असेल, शहरात ठीक आणि घाटात किंवा शंभरच्या स्पीडला तापते, तर रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोक आहे, पंप कमी पडतोय किंवा बेल्ट घसरतोय. सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा वर पळतो, वरचा पाइप आणि रेडिएटर गारच, तर थर्मोस्टॅट बंद अडकलाय. गाडी तापलीय आणि हीटरमधून गार हवा येतेय, तर पाणीच नाहीये, पुढं एक मीटरही जाऊ नका.

रेडिएटरच्या जाळीत माती, गवत, किडे अडकतात, द्राक्षबागांच्या रस्त्यांनी फिरणाऱ्या पिकअपचं तर बघायलाच नको. एसीचा कंडेन्सर पुढं असतो आणि खरा कचरा त्याच्या आणि रेडिएटरच्या मधे बसतो, समोरून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला हलक्या दाबानं पाणी मारायचं, जोरात मारलं तर जाळीची पाती दुमडतात. अर्धा चोक झालेला रेडिएटर जानेवारीत काही बोलत नाही, एप्रिलमधे कसारा चढताना बोलतो, त्यामुळं हे काम थंडीतच करून घेतलेलं चांगलं.

प्रश्न: घाटात काटा लालवर गेला तर काय करायचं?

काटा नुसता वर सरकायला लागला असेल तर एसी बंद, हीटर फुल गरम, ब्लोअर फुल, काचा खाली. घामाघूम व्हाल पण हीटर कॉइल हा एक छोटा रेडिएटरच आहे, तो उष्णता बाहेर काढतो. काटा लालवर पोचला किंवा वाफ दिसली तर ताबडतोब सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद, हॅझर्ड चालू, माणसं गाडीतून उतरवून कठड्याच्या आत उभी करा.

झाकण उघडू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, इथं साधं पाणी ९८ डिग्रीच्या आसपासच उकळतं, पण कूलिंग सिस्टिम बंद असते, झाकण साधारण एक बारचा दाब धरून ठेवतं, म्हणून आत १००च्या वर गेलेलं कूलंटही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते सगळं एका क्षणात वाफ होऊन तुमच्या तोंडावर येतं. हात-तोंड भाजलेली माणसं मी बघितलीत, म्हणून इतकं जोर देऊन सांगतोय. निदान पाऊण-एक तास थांबा, वरचा पाइप दाबल्यावर मऊ लागला पाहिजे, मग जाड फडकं टाकून झाकण थोडं थोडं सैल करा.

तापलेल्या इंजिनावर किंवा इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेड किंवा ब्लॉक तडकू शकतो. कोमट झाल्यावर, इंजिन चालू ठेवून हळूहळू. अडचणीत साधं पिण्याचं पाणी चालेल, घरी आल्यावर काढून नीट कूलंट भरा. पाणी भरल्यावर खालून धार लागली असेल तर टोइंगच बोलवा.

प्रश्न: आपल्याकडं पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला? बोअरचं पाणी चालत नाही का?

गोठू नये म्हणून आपल्याला लागत नाही हे खरंय, काश्मीर-हिमाचलला गाडी घेऊन गेलात तरच त्याचा प्रश्न येतो, तेव्हा अर्धं-अर्धं मिश्रण उणे ३५ च्या पलीकडंपर्यंत गोठत नाही. पण कूलंटमधे गंज रोखणारी रसायनं असतात आणि उकळायचं तापमानही वाढतं, ते नाशकात रोज लागतं. बोअरचं पाणी जड, त्यातले क्षार गरम धातूवर थर धरतात, रेडिएटरच्या आणि हीटर कॉइलच्या बारीक नळ्या त्यानंच बुजतात आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. टाकायचंच तर डिस्टिल्ड किंवा डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी), बॅटरीवाल्याकडं मिळतं.

रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, गुलाबी, निळं, रंग हे स्टँडर्ड नाही, एकाच रंगात वेगवेगळी रसायनं असू शकतात. मॅन्युअलमधे जे लिहिलंय तेच घ्या, दोन प्रकार मिसळू नका, कधी कधी आत गाळ तयार होतो. कॅनवर प्रीमिक्स किंवा रेडी टू यूज लिहिलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही, कॉन्सन्ट्रेट असेल तर घालायचं, यात बऱ्याच जणांची गफलत होते. किती किलोमीटरला बदलायचं तेही मॅन्युअलच सांगेल.

प्रश्न: दर आठवड्याला कूलंट कमी होतं पण खाली थेंब पडलेला दिसत नाही.

कुठंतरी जातंच, बंद सिस्टिममधून ते उडून जात नाही. टॉर्च घेऊन पाइपांच्या क्लिपांखाली बघा. जिथं बारीक गळती असते तिथं कूलंट गरम धातूवर वाळतं आणि मागं पांढरट-हिरवट खपली राहते, नखानं खरवडली की पावडर निघते, खपलीच्या खालच्या टोकाला कधी एक चिकट थेंब लटकत असतो. थंडीत रबर आकसतं आणि क्लिप सैल पडते, पहाटे थेंब थेंब गळतं आणि गाडी गरम झाली की पाइप फुगून आपोआप बंद होतं, म्हणून दुपारी गॅरेजला दाखवलं तर काही सापडत नाही. सकाळी थंड असतानाच बघा. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथं ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलंय. उंदरांनी कुरतडलेली नळीही असू शकते, थंडीत ते उबेला बोनेटखालीच येतात.

इतकं बघूनही नाही सापडलं तर गॅरेजमधे प्रेशर टेस्ट करून घ्या, हातपंपानं थंड सिस्टिममधे झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि काटा उतरतो का बघतात. तेही ठीक आलं तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील. सुरू केल्याबरोबर थंड इंजिनातच वरचा पाइप दगडासारखा कडक होणं, बाटलीत सतत बुडबुडे, गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर, ही त्याची लक्षणं. पेट्रोल गाडीत निळ्या द्रवाची टेस्ट असते, बाटलीच्या तोंडावर धरतात, सिलिंडरचा गॅस येत असेल तर निळा रंग पिवळा होतो. हेड उतरवा असं कोणी म्हणालं की आधी ही टेस्ट करून मागा.

प्रश्न: सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि पाणी येतं, ऑईलच्या झाकणाखाली पण पांढरं लागलंय. गॅस्केट गेलं?

घाबरू नका. थंडीत सकाळी पांढरी वाफ आणि पाण्याचे थेंब सगळ्याच गाड्यांतून येतात, पाच-दहा मिनिटांत थांबलं की विषय संपला. गाडी रोज घर ते सातपूर एवढीच चालत असेल तर ऑईल कधी पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणाला धरते आणि पांढरं चिकट जमतं. एकदा तासभर हायवेला चालवून आणा आणि पुसून परत बघा. पण डिपस्टिकवरचंच (ऑईलची पातळी बघायची पट्टी) ऑईल दुधाळ दिसत असेल, कूलंटही कमी होत असेल, तर ऑईल-पाणी एक झालंय, गाडी सुरूसुद्धा करू नका.

प्रश्न: हीटर लावला की गोडसर वास येतो आणि काचेवर आतून तेलकट थर बसतो.

हीटर कॉइल गळतेय. डाव्या सीटसमोरचं कार्पेट उचलून बघा, चिकट ओलं असेल तर पक्कं. एसीचं पाणीही तिथंच सांडतं पण ते स्वच्छ आणि बिनवासाचं असतं. ती वाफ श्वासात जाऊ देऊ नका, आणि सांडलेलं कूलंट लगेच धुवा, चवीला गोड असल्यानं कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विष आहे.

प्रश्न: सीएनजी गाडी आहे, थंडीत सकाळी झटके देते आणि बंद पडते. याचा कूलंटशी काय संबंध?

थेट संबंध आहे आणि हे फार कमी लोकांना कोणी सांगतं. टाकीत गॅस २०० बारच्या आसपास दाबानं असतो, रेड्यूसर तो दाब एकदम खाली आणतो, आणि गॅस असा पसरला की प्रचंड थंड होतो. रेड्यूसर गोठू नये म्हणून इंजिनचं गरम कूलंट त्याच्यातून फिरवतात, पुष्कळ किटांमधे हीटरच्याच पाइपातून टी मारलेला असतो. कूलंट कमी, एअर लॉक, नाहीतर थर्मोस्टॅट काढून टाकलेला, यातलं काहीही असलं की रेड्यूसर गार राहतो, त्याच्यावर पांढरं दंव दिसतं आणि गॅस नीट येत नाही. सिक्वेन्शियल किट तर ठरावीक तापमान आल्याशिवाय पेट्रोलवरून गॅसवर जातच नाही, मग लोक म्हणतात गाडी फार वेळ पेट्रोल पिते. ट्यूनिंगवर पैसे घालायच्या आधी रेड्यूसरच्या दोन्ही पाइपांना हात लावा.

प्रश्न: माझ्या गाडीला काटाच नाही, नुसता निळा दिवा लागतो.

निळा म्हणजे इंजिन अजून थंड, थोड्या वेळात विझला पाहिजे. थंडीत जरा उशिरा विझतो. वीस मिनिटं चालवूनही विझत नसेल किंवा हायवेला परत लागत असेल तर थर्मोस्टॅट. लाल लागला तर थांबा.

प्रश्न: सकाळी गाडी किती वेळ गरम करायची?

अर्धा ते एक मिनिट, मग निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा, टर्बो डिझेल असेल तर विशेष. दहा-दहा मिनिटं उभी ठेवून गरम करण्यात इंधन जातं, आणि चालवल्याशिवाय गिअरबॉक्स काही गरम होत नाही. हीटरही काटा थोडा उचलल्यावरच लावा.

प्रश्न: हीटर लावल्यावर ॲव्हरेज कमी होतं का?

नाही, नुसत्या हीटरनं होत नाही. जी उष्णता रेडिएटरमधून वाया जाणार होती तीच आत येते, ब्लोअरची थोडी वीज सोडली तर खर्च काही नाही. काचेवरचं धुकं घालवायला हीटरबरोबर एसी लावावा लागतो, कारण एसी हवेतला ओलावा काढतो, त्यानं जरा इंधन जातं. तेव्हा बाहेरची हवा आत येणारा मोड ठेवा, रीसर्क्युलेशनवर धुकं अजून वाढतं.

प्रश्न: ब्लोअर फक्त चारवर चालतो, एक-दोन-तीन बंद.

ब्लोअरचा रेझिस्टर जळालाय. छोटं काम आहे. हवाच कमी येत असेल तर आधी केबिन फिल्टर काढून बघा.

प्रश्न: थंड गाडी सुरू केली की लगेच रेडिएटरचा पंखा फुल पळतो.

एसी किंवा डीफ्रॉस्ट चालू आहे का बघा. नसेल तर तापमानाच्या सेन्सरची वायर तुटलीय किंवा सेन्सर गेलाय, आकडा मिळत नाही म्हणून कॉम्प्युटर इंजिन वाचवायला पंखा चालू ठेवतो. पंख्याची वायर काढून ठेवणं हा उपाय नाही.

प्रश्न: त्र्यंबकला किंवा गडावर रात्री गाडीतच झोपायचं असेल तर इंजिन चालू ठेवून हीटर लावला तर चालतो का?

अजिबात नाही. उभ्या गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतल्या माणसाला कळतच नाही. बंद शेडमधे, गॅरेजमधे तर एक मिनिटही नको. आधी गाडी गरम करून इंजिन बंद करा, घोंगडी-ब्लँकेट घ्या, काच दोन बोटं उघडी ठेवा. चालत्या गाडीतही हीटरमधून धुराचा वास येत असेल तर काचा उघडा आणि सायलेन्सरचे जोड, गॅस्केट दाखवून घ्या.

प्रश्न: इलेक्ट्रिक गाडीला यातलं काही लागतं का?

इंजिनची फुकट उष्णता नसते, हीटर बॅटरीच्या विजेवर चालतो, त्यामुळं तिथं मात्र रेंज खरंच कमी होते. निघायच्या आधी चार्जरला लावलेली असतानाच केबिन गरम करून घेतली तर फरक पडतो. बॅटरी आणि मोटरसाठी बहुतेक गाड्यांत कूलंट असतंच आणि त्याची पातळी बघायची असते, पण त्यात काही गाड्यांना वीज न वाहू देणारं खास कूलंट लागतं, त्यामुळं पातळी कमी दिसली तर घरचं काही ओतू नका, सर्व्हिस सेंटरलाच भरून घ्या.